फुलदाणी, दिवा आणि लाकडाचा ठसा

जपानी ठशाचे चित्र म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे होकुसाईंची लाट उभी राहते. त्यापाठोपाठ हिरोशिगेंचा पावसातला पूल आणि उतामारोंच्या रमणी. एदो काळातील या ‘उकियो-ए’ चित्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या चित्रकारांना भुरळ घातली, हा इतिहास कलारसिकांच्या परिचयाचा आहे. त्यामानाने, विसाव्या शतकाच्या प्रारंभी खुद्द जपानमध्येच या परंपरेच्या कार्यपद्धतीविरुद्ध जे बंड झाले, त्याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. ‘सोसाकु हांगा’, म्हणजे ‘सर्जनशील मुद्राचित्र’, या नावाने ती चळवळ ओळखली जाते. तिच्यातील निसर्गचित्रांविषयी आणि व्यक्तिचित्रांविषयी थोडेफार लिहिले गेले आहे. परंतु या कलावंतांनी कोरलेल्या फुलदाण्या, फळे, बाटल्या, दिवे, घड्याळे यांच्याकडे हात बसवण्यासाठी केलेली किरकोळ चित्रे म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक ठसा ही नक्कल की स्वतंत्र कलाकृती, या चळवळीच्या मूळ प्रश्नाचा छडा लावायचा, तर याच मूक वस्तूंकडे वळावे लागते.

बंड कशाविरुद्ध होते, हे समजण्यासाठी उकियो-ए चित्र कसे तयार होत असे ते पाहिले पाहिजे. प्रकाशक, म्हणजे ‘हानमोतो’, हा त्या व्यवसायाचा सूत्रधार. काय खपेल हे तो ठरवी आणि भांडवलही तोच घाली. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई. ते रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरणारा कारागीर रेषांच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकी. या क्रियेत मूळ रेखाटन नाहीसे होई. मग प्रत्येक रंगासाठी निराळी फळी कोरली जाई आणि छापणारा त्या फळ्या एकामागून एक कागदावर उमटवी. कामाची ही वाटणी इतकी पक्की होती, की चित्रकाराला फळीला हात लावण्याचे कारणच पडत नसे. कोरणाऱ्याचे कसब आपले हत्यार लपवण्यात होते. कुंचल्याच्या रेषेची जाडी आणि निमुळतेपणा लाकडातून जसाच्या तसा उतरला, तर काम उत्तम समजले जाई.

जुलै १९०४ मध्ये ‘म्योजो’ या साहित्यिक मासिकात यामामोतो कानाए (१८८२-१९४६) या तरुणाचे ‘मच्छीमार’ हे छोटेसे चित्र प्रसिद्ध झाले. यामामोतो यांनी लहान वयातच लाकडावरील खोदकामाची उमेदवारी केली होती. छापखान्यांसाठी पाश्चात्त्य पद्धतीने चित्रांच्या हुबेहूब प्रतिकृती खोदणे, हे त्या धंद्याचे काम. नकलेचा कंटाळा नकलेत मुरलेल्या माणसालाच यावा, यात नवल नाही. मच्छीमाराचे चित्र त्यांनी स्वतः रेखाटले, स्वतः कोरले आणि कोरणीच्या खुणा लपवल्या नाहीत. त्यांचे सहकारी इशी हाकुतेई यांनी त्याला ‘तोगा’, म्हणजे सुरीने काढलेले चित्र, असे नाव दिले. पुढे या विचाराला ‘जिगा, जिकोकु, जिझुरी’ अशी त्रिसूत्री मिळाली: स्वतः रेखाटायचे, स्वतः कोरायचे, स्वतः छापायचे. प्रकाशक नाही, म्हणजे त्याने सुचवलेले विषयही नाहीत. नट, गणिका आणि प्रेक्षणीय स्थळे यांची मागणी पुरवण्याचे बंधन गेल्यावर काय कोरायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक होते स्थिरवस्तुचित्र. हा प्रकार जपानला तसा परका. त्यासाठी वापरला जाणारा ‘सेइबुत्सु’, म्हणजे ‘शांत वस्तू’, हा शब्ददेखील पाश्चात्त्य चित्रकलेच्या शिक्षणाबरोबर रूढ झाला. जपानी चित्रांत वस्तू नव्हत्या, असा याचा अर्थ नव्हे. तेराव्या शतकातील चिनी भिक्षू मू-ची यांचे सहा काकी फळांचे शाईचित्र क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिरसंकुलात जपलेले आहे आणि जपानी रसिकांनी त्याला फार मोठा मान दिला आहे. उकियो-ए काळातही हौशी काव्यमंडळे ‘सुरिमोनो’ नावाचे उंची ठसे खासगीरीत्या छापून घेत. त्यांत पेटारे, पंखे, लेखनसाहित्य दिसते. होकुसाईंनी १८२२ मध्ये अशा एका मालिकेत घोड्याशी या ना त्या प्रकारे संबंध जुळणाऱ्या वस्तू चितारल्या. परंतु तिथे वस्तू म्हणजे सोबतच्या कवितेचे कोडे असे. फुलापाखरांच्या ‘काचो-ए’ चित्रांतले फूल फांदीवर असते, ते ऋतू सांगते. टेबलावर ठेवलेल्या सफरचंदाला ऋतूही नसतो आणि कथाही नसते. ते काही सुचवत नाही. त्याच्याकडे केवळ पाहावे लागते. जपानी प्रेक्षकाला ही गोष्ट नवी होती.

एक सफरचंद आणि एक बाटली, एवढाच विषय घेऊन लाकडी ठशात काय घडते ते पाहू. तैलरंगात काम करणारा चित्रकार फळाचा गोलवा हळूहळू साधतो. ओल्या रंगावर ओला रंग चढवतो, चुकले तर खरवडतो. फळीवर काम करणाऱ्याला ही सवलत नाही. तांबड्याच्या दोन छटा हव्या असतील, तर बहुधा दोन ठसे हवेत, आणि एका छटेची हद्द कोठे संपते हे कोरणी लाकडाला टेकण्यापूर्वी ठरलेले हवे. प्रत्येक फळीच्या कडेला ‘केन्तो’ नावाच्या दोन खाचा असतात. कागदाचा कोपरा व कड त्यांत नीट बसवली, की सगळे रंग आपापल्या जागी पडतात. पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची थोडी खळ ब्रशाने फळीवर पसरायची, त्यावर तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून केलेला दमट कागद ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर ‘बारेन’ घासायचा. बारेन म्हणजे आत दोरीचे वेटोळे बसवलेली आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली चकती. हाताचा दाब किंचित बदलला, तरी छटा बदलते. बारेनच्या फेऱ्यांच्या खुणा सफाईदार छपाईत दोष मानल्या जात. या चळवळीतील कित्येकांनी त्या मुद्दाम राखल्या. बाटलीच्या काचेवरची चकाकी पांढऱ्या रंगाने काढावी लागत नाही. तेवढी जागा कोरून टाकली, की कागद आपोआप उजळ राहतो. आणि टेबल? मऊ लाकडाची फळी कडक ब्रशाने घासली, तर तिचे रेषे उठून येतात. ती फळी तशीच छापली, की लाकडाचे टेबल लाकडाच्याच अंगाने कागदावर उतरते.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. निसर्गचित्रात कोरणीचा ओरखडा पाऊस किंवा गवत बनून खपून जातो. स्थिरवस्तुचित्रात त्याला लपायला जागा नसते. वाडगा साधा, टेबल रिकामे, मागची भिंत कोरी. अशा चित्रात प्रेक्षकाच्या नजरेला शेवटी हाताचा वेग, लाकडाची जात आणि कागदाचा पोत हेच भेटतात. ठसा ही दुसऱ्या कुठल्या तरी चित्राची प्रत नसून तिचे मूळ ती स्वतःच आहे, हे सांगायला यापेक्षा सोयीचा विषय मिळणे कठीण होते.

अर्थात या टेबलावरची सफरचंदे पुष्कळदा उसनी होती, हेही नमूद केले पाहिजे. १९१० ते १९२३ या काळात प्रसिद्ध होणाऱ्या ‘शिराकाबा’ मासिकाने रोदँ, सेझान, व्हॅन गॉग यांची ओळख जपानी तरुणांना करून दिली. त्यांपैकी बहुतेकांनी सेझानची फळे पाहिली ती मासिकांत छापलेल्या प्रतिकृतींतून. नकलेविरुद्ध उभ्या राहिलेल्या पिढीने आपले आदर्श नकलांतून उचलावेत, ही गंमतच. त्या काळातील बरीच स्थिरवस्तुचित्रे तिरके टेबल, चुरगळलेला कापडाचा तुकडा आणि चार फळे या ठरावीक मांडणीपलीकडे जात नाहीत, आणि ती आज निव्वळ अभ्यास म्हणूनच उरली आहेत.

दरम्यान, दर्जाचा प्रश्न सुटत नव्हता. १९०७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कलाप्रदर्शनाने मुद्राचित्रांना दार बंद ठेवले होते. १९१८ मध्ये यामामोतो आदींनी ‘निहोन सोसाकु हांगा क्योकाई’ ही संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी टोकियोतील निहोनबाशी येथील मित्सुकोशी या मोठ्या दुकानात तिचे पहिले प्रदर्शन भरले. सरकारी प्रदर्शनाने मुद्राचित्रे स्वीकारली ती १९२७ मध्ये, आणि टोकियोच्या ललितकला विद्यालयात लाकडी ठशांचा वर्ग सुरू व्हायला १९३५ साल उजाडले. तो वर्ग हिरात्सुका उन्‌इची (१८९५-१९९७) यांच्याकडे सोपवण्यात आला. जुन्या मंदिरांच्या कौलांचे तुकडे गोळा करण्याचा त्यांना छंद होता. मातीत दाबून उमटवलेली ती नक्षी आणि हिरात्सुका यांची घनगंभीर काळी-पांढरी चित्रे यांतले नाते नजरेला सहज जाणवते. कोबेचे कावानिशी हिदे (१८९४-१९६५) यांची प्रकृती अगदी उलट. बंदर आणि सर्कस रंगवणारे कावानिशी फुलांकडे व घरातल्या वस्तूंकडे वळले, तेव्हाही बाह्यरेषेचा आधार न घेता भडक, सपाट रंग शेजारी शेजारी ठेवून मोकळे झाले.

वस्तूंवर ज्यांनी खऱ्या अर्थाने प्रेम केले, ते मात्र कावाकामी सुमिओ (१८९५-१९७२). योकोहामा या बंदराच्या शहरात जन्मलेले कावाकामी तरुणपणी कॅनडाला गेले, अलास्कात सामन मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबले आणि १९२१ पासून उत्सुनोमिया येथील शाळेत इंग्रजी शिकवू लागले. व्यावसायिक चित्रकार ते कधी झालेच नाहीत. मुनाकाता शिको यांना मुद्राचित्रांकडे वळवण्याचे श्रेय ज्या चित्राला दिले जाते, ते १९२६ चे ‘ग्रीष्मारंभीचा वारा’ त्यांचेच. वाऱ्यात उभी असलेली स्त्री आणि चित्रातच कोरलेली कविता असे त्याचे स्वरूप आहे. परंतु कावाकामी यांचे मन रमले ते रॉकेलचे दिवे, लंबकाची घड्याळे, काचेची भांडी, पत्त्यांचे डाव, चिलमी यांत. मेइजी काळात रॉकेलचा दिवा जपानी घरात आला तो सुधारणेचे प्रतीक म्हणून. कावाकामी तो कोरू लागले तोवर विजेने त्याची सद्दी संपवली होती. कालचे नवे आज अडगळीत कसे जाते, हे त्यांनी हळहळ न करता, काहीशा मिस्कीलपणे टिपले. ठसा काळ्या रंगात छापून त्यावर हाताने रंग भरण्याची त्यांची पद्धत होती. त्यामुळे त्यांच्या चित्रांना जुन्या खेळण्यांची कळा येते.

पत्ते आणि चिलमी यांच्यामागे आणखी एक जुनी हकिकत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबते गोवा आणि मकावमार्गे जपानला पोहोचली. त्यांनी नेलेल्या पत्त्यांना जपानीत ‘कारुता’ म्हणतात, तंबाखूला ‘ताबाको’, आणि आपला ‘पाव’ ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला त्यावरूनच जपानी ‘पान’ आला. या परदेशी आगंतुकांना जपानी लोक ‘नानबान’, म्हणजे दक्षिणेकडचे रानटी, म्हणत. त्यांची जहाजे आणि त्यांच्या चीजवस्तू हा कावाकामी यांचा आवडता विषय झाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली आणि परकीय वस्तूंविषयीचे प्रेम संशयास्पद झाले, तेव्हा एका इंग्रजी शिक्षकाने परदेशी दिवे, घड्याळे आणि पत्ते यांवरचा जीव कायम ठेवणे सोपे नव्हते. १९४२ मध्ये त्यांनी शाळा सोडली. आज तोचिगी प्रांतातील कानुमा शहरात त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

युद्धकाळात चळवळीचा भार मुख्यतः ओन्ची कोशिरो (१८९१-१९५५) यांनी वाहिला. १९१४-१५ मध्ये त्यांनी तानाका क्योकिची आणि फुजिमोरी शिझुओ या मित्रांसह ‘त्सुकुहाए’ हे कविता व मुद्राचित्रांचे अल्पायुषी नियतकालिक काढले होते. तानाका क्षयाने १९१५ मध्येच गेले. ओन्ची यांनी त्याच वर्षी कोरलेले ‘प्रसन्न काळ’ हे चित्र जपानमधील अगदी आरंभीच्या अमूर्त चित्रांत गणले जाते. १९३९ पासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांच्या घरी मुद्राचित्रकार जमू लागले. कागद, रंग, लाकूड यांची टंचाई वाढत गेली. तरी १९४४ मध्ये या मंडळाने आपल्या ठशांचा पहिला संच काढला आणि युद्धानंतर १९५० पर्यंत आणखी पाच. प्रत्येकाने आपला ठसा सर्वांसाठी छापायचा आणि बदल्यात सर्वांचे ठसे घ्यायचे, असा हा व्यवहार. विक्रीचा प्रश्नच नव्हता. बॉम्बफेकीच्या दिवसांत बाहेर जाऊन निसर्गचित्र काढणेही दुरापास्त होते. घरात हाताशी असलेली वस्तू, हाताशी असलेला फळीचा तुकडा आणि छोटा कागद, एवढ्यावर ही कला तगून राहिली.

ओन्ची यांची नजर पुस्तकाच्या पानावर तयार झालेली होती. ग्रंथांची सजावट हा त्यांचा चरितार्थ. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हाकुबुत्सुशी’ या निसर्गविषयक पुस्तकात त्यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे आहेत. पान, शिंपला, किडा यांच्याकडे इतक्या जवळून पाहणारा हा माणूस युद्धानंतर एका वेगळ्याच टप्प्यावर आला. पान कोरण्याऐवजी त्यांनी प्रत्यक्ष पानालाच रंग लावून ते कागदावर दाबले. दोरा, कापड, कापलेला कागद, लाकडाचे टाकाऊ तुकडे यांचेही त्यांनी ठसे केले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतल्या ‘काव्य’ या शीर्षकाच्या मालिकेत अशा खुणा विखुरलेल्या दिसतात. या चित्रांना अमूर्त म्हटले जाते, आणि मांडणीपुरते ते खरेही आहे. परंतु त्यांतले पान हे पानाचे चित्र नाही; त्या विशिष्ट पानाच्या शिरा कागदाला लागल्या होत्या, याचा तो पुरावा आहे. टेबलावरच्या वस्तूकडे पाहून तिची आकृती कोरण्यापासून सुरू झालेला प्रवास असा वस्तूच्या स्पर्शापर्यंत येऊन ठेपला. स्थिरवस्तुचित्राची ही जपानी वाट सेझानपासून निघाली खरी, पण तिथे थांबली नाही.

ओन्ची यांच्या मंडळातील यामागुची गेन (१८९६-१९७६) यांनी पाने, वाहून आलेली लाकडे, झिजलेल्या फळ्या यांतून आपली चित्रे उभी केली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथील आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र प्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. माबुची तोरु (१९२०-१९९४) यांनी लाकडाचे बारीक बारीक तुकडे फळीवर चिकटवून ठसे तयार केले; त्यांच्या चित्रांतल्या घरगुती वस्तू कुट्टिमकामासारख्या कणाकणांनी जुळून आलेल्या दिसतात. १९५६ मध्ये जपानी स्त्री-मुद्राचित्रकारांची संस्था उभारणाऱ्यांपैकी एक असलेल्या इवामी रेइका (१९२७-२०२०) यांनी समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या ओंडक्यांचे रेषे छापून त्यांतून पाणी आणि चंद्र साकारले. सैतो कियोशी (१९०७-१९९७) यांनी प्राचीन थडग्यांवरील ‘हानिवा’ या मातीच्या आकृती कोरताना फळीच्या रेषांनाच मातीचे खडबडीत अंग दिले.

ज्यांना वस्तूभोवतीचा अंधार अधिक मोलाचा वाटला, ते लाकूड सोडून तांब्याकडे गेले. हासेगावा कियोशी (१८९१-१९८०) यांची सुरुवात याच चळवळीतल्या लाकडी ठशांनी झाली. पहिले महायुद्ध संपताच ते फ्रान्सला निघाले, ते कायमचेच. मेझोटिंट हे विस्मरणात गेलेले तंत्र त्यांनी पुन्हा वर काढले आणि मखमली काळ्या पार्श्वभूमीवर रानगवत, काचपात्रे, पक्षी मांडले. हामागुची योझो (१९०९-२०००) यांनी त्याच तंत्रात रंग आणून एकेकट्या चेरीला तेजाळ केले. हा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९५१ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलोच्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात सैतो यांना आणि तांब्यावर काम करणारे कोमाई तेत्सुरो यांना पारितोषिके मिळाली, पाच वर्षांनी मुनाकाता व्हेनिसला गौरवले गेले, आणि मायदेशी दुय्यम ठरलेली ही कला जपानची जगातली ओळख बनली. टोकियोतील अमेरिकी अधिकारी आणि हौशी संग्राहक तत्पूर्वीच गिऱ्हाईक झाले होते. त्यांपैकी ऑलिव्हर स्टॅटलर यांचे १९५६ चे पुस्तक या कलावंतांविषयीचे आजही वाचले जाणारे साधन आहे. मागणी वाढली, तशी भिंतीला शोभणारी गुळगुळीत फुलदाणीही वाढली, हे ओघानेच आले.

मागणीने आणखी एक पेच निर्माण केला. ओन्ची आपल्या बऱ्याच चित्रांच्या मोजक्याच प्रती काढत. कवी हागिवारा साकुतारो यांचे त्यांनी १९४३ मध्ये कोरलेले व्यक्तिचित्र गाजल्यावर त्याच्या आणखी प्रती हव्या झाल्या, तेव्हा काही प्रती सेकिनो जुनइचिरो यांनी छापल्या. ओन्ची यांच्या मृत्यूनंतर हिराई कोइची यांनीही त्यांच्या काही चित्रांच्या प्रती काढल्या. म्हणजे ‘स्वतः छापायचे’ या सूत्राच्या सर्वांत निष्ठावंत पुरस्कर्त्याची चित्रे आज बाजारात येतात, तेव्हा प्रत कोणाच्या हातची, हा पहिला प्रश्न असतो आणि तिची किंमत त्यावर ठरते. चेरी किंवा कात्सुराची कोरलेली फळी जपून ठेवली, तर दुसरा हात ती पुन्हा छापू शकतो. पानाच्या, दोऱ्याच्या आणि कागदाच्या ठशांना तेवढे आयुष्य नसते. पहिल्या काही प्रतींतच त्यांच्या कडा मऊ पडतात, शिरा बुजतात आणि छपाई तिथेच थांबवावी लागते.